वॅटवर शिक्का नसतो

ऑनलाइन दुकान काढायला काय लागतं, असं अलीकडे मला बरेच जण विचारतात. विचारणारे बहुतेक विशी-पंचविशीतले असतात. त्यांच्या डोक्यात हिशोब तयार असतो. माल घाऊक आणायचा, फोटो काढायचा, वेबसाइटवर चढवायचा, कुरियरवाला दारातून पार्सल घेऊन जाणार. खरं सांगायचं तर यातलं काहीच अवघड नाही. फोटोखाली मालाबद्दल चार ओळी लिहाव्या लागतात, अवघड तेवढंच आहे.

आमचं दुकान मिरजेत आहे. दुकान म्हणजे माळ्यावरची एक खोली. त्यात लोखंडी रॅक, सोल्डरिंगचं टेबल, वजनकाटा आणि लेबल छापायचा छोटा प्रिंटर. मी वीसेक वर्षं साउंडवाल्यांचे ॲम्प्लिफायर दुरुस्त करत आलो. भाचा बी.कॉम. झालाय आणि वेबसाइटची कामं शिकलाय. त्याने साठवलेले पैसे आणि माझ्या बहिणीने उचललेली भिशी मिळून दीड लाख रुपये झाले, त्यावर आम्ही सुरुवात केली. ॲम्प्लिफायरचे बोर्ड, ब्लूटूथ-यूएसबीचे पॅनेल, ट्रान्सफॉर्मर, टोन कंट्रोलचे किट, स्पीकरची वायर, कनेक्टर असा आमचा माल. गावोगावचे मेकॅनिक, घरी स्वतः सेट जोडणारी पोरं आणि छोटे साउंडवाले हे आमचं गिऱ्हाईक.

माल आणायला रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस पकडायची, सकाळी मुंबईत उतरून लॅमिंग्टन रोड गाठायचा. किंवा पुण्याला बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाच्या आसपासची दुकानं पालथी घालायची. या दोन्ही बाजारांत मी वर्षानुवर्षं एक-एक, दोन-दोन नग घेतलेत. पन्नास नग एकदम घेतले की भाव वेगळाच लागतो, हे कळल्यावर भाचा खुश झाला होता.

पहिला लॉट आला तो 4440च्या बोर्डांचा. इलेक्ट्रॉनिक्समध्ये हात घातलेल्या कुणालाही ही आयसी माहीत असते. कारटेपमध्ये ती असायची, घरगुती सेटमध्ये असायची, आजही गल्लीतला पोरगा पहिला ॲम्प्लिफायर जोडतो तो बहुधा हिच्यावरच. बोर्डाच्या पिशवीवर ठळक छापलेलं होतं, ‘100 वॅट’.

आता हा हिशोब आठवी-नववीच्या मुलालाही समजेल असा आहे. बोर्ड 12 व्होल्टवर चालतो. आत व्होल्टेज वाढवणारं वेगळं सर्किट नसेल, तर पुरवठ्यापेक्षा जास्त व्होल्टेज तो स्पीकरला देणार कुठून? ब्रिज जोडणी केली आणि आयसीने एक थेंबही वाया घालवला नाही असं धरलं, तरी लाटेचं शिखर 12 व्होल्टचं. त्याचं आरएमएस मूल्य साडेआठच्या आसपास. त्याचा वर्ग करा, स्पीकरच्या 4 ओमने भागा, उत्तर येतं 18 वॅट. कंपनीच्या डेटाशीटमध्येही ब्रिज जोडणीत, 13.2 व्होल्टला आणि 4 ओमवर, 19 वॅटच दिलेत. मी टेबलावर मोजलं तेव्हा आवाज फाटायच्या आधी मिळाले 12 वॅट. पिशवीवर 100.

ही गंमत नवी नाही. टू-इन-वनच्या जमान्यात सेटवर ‘पीएमपीओ’ लिहिलेले हजार-हजार वॅटचे स्टिकर असायचे. तो सेट मागून किती वीज घेतो ते पाहिलं तर वीस-पंचवीस वॅटच्या पलीकडे काही नसायचं. पीएमपीओ मोजायची सर्वमान्य अशी रीतच नव्हती, त्यामुळे ज्याला जो आकडा आवडेल तो त्याने छापला.

मी भाच्याला म्हटलं, आपण 12 वॅट लिहू. तो गप्प राहिला, मग म्हणाला, “मामू, लोगां आकडा देकते, आवाज नै.” त्याचं म्हणणं साधं होतं. लोक मोबाईलवर ‘100 वॅट बोर्ड’ असं टाकून शोधतात. हाच बोर्ड बाकीचे सगळे 100 लिहून विकतात, काही 200 लिहून. आपण 12 लिहिले तर आपण दिसणारच नाही, आणि चुकून दिसलो तरी त्याच किमतीला 12 वॅट कोण घेणार? त्याच्या बोलण्यात बदमाशी नव्हती. भिशीचा हप्ता दर महिन्याला त्याच्या अम्मीला भरायचा होता आणि रॅकवर पन्नास बोर्ड पडून होते.

माझ्या अब्बांचं किराण्याचं दुकान होतं. तराजू आणि लोखंडी वजनं ठरलेल्या मुदतीला सरकारी वजन-माप खात्याकडे न्यावी लागायची. ते तपासून वजनाच्या बुडाशी शिशावर शिक्का मारून द्यायचे. शिक्का नसलेलं वजन काउंटरवर ठेवणं म्हणजे गुन्हा. मराठीत ‘मापात पाप’ हा शब्दच आहे. कुरआनात मापात कमी देणाऱ्यांच्या नावाची आख्खी सूरह आहे, अल-मुतफ्फिफीन. अब्बांना ती तोंडपाठ होती, पण ती त्यांनी कधी गिऱ्हाईकाला ऐकवली नाही. ते फक्त साखर तोलताना पारडं जरा खाली जाऊ द्यायचे.

वॅट हेही मापच आहे. पण वॅटवर शिक्का नसतो. किलोभर साखरेत शंभर ग्रॅम कमी आली तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात तोलून परत येऊ शकतं. वॅट कुठे तोलणार? आणि कानालाही ते कळत नाही. आपला कान अजब आहे. ताकद दुप्पट केली तर आवाज फक्त 3 डेसिबलने वाढतो, म्हणजे जेमतेम जाणवतो. आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटायला ताकद साधारण दहापट लागते. म्हणून 100 म्हणून 12 वॅट विकणारा सहसा पकडला जात नाही. गिऱ्हाईकाला वाटतं, आपलाच स्पीकर खराब असेल. तो नवा स्पीकर घेतो, मग नवा ट्रान्सफॉर्मर, आणि शेवटी बोर्ड जळतो.

मिरजेत राहून हे जास्तच टोचतं. हे तंबोरे आणि सतारी बनवणारं गाव. अब्दुल करीम खाँसाहेब इथे येऊन राहिले. गिऱ्हाईक कारागिराच्या दुकानात येतं, तंबोरा मांडीवर घेतं, तारा छेडतं, जवारी नीट लागली नसेल तर तोंड वाकडं करतं, आणि कारागीर पुन्हा घोडी घासायला बसतो. सौदा कानाच्या साक्षीने होतो. आमच्या दुकानात गिऱ्हाईकाचा कान पोचतच नाही. नांदेडच्या किंवा सावंतवाडीच्या माणसाकडे आमचं काय असतं? एक फोटो आणि आम्ही लिहिलेल्या चार ओळी. तो माल घेतो तेव्हा खरं तर त्या ओळीच विकत घेतो.

तोड भाच्यानेच काढली. त्याने लिहिलं: ‘4440 बोर्ड, बाजारात 100 वॅट म्हणून मिळतो तो. आम्ही मोजलेली ताकद: 12 व्होल्ट, 4 ओम, ब्रिज जोडणी, आवाज न फाटता 12 वॅट.’ शोधणाऱ्याला 100 दिसतो आणि वाचणाऱ्याला 12 कळतात. खाली त्याने मोजतानाचा फोटो टाकला. स्पीकरच्या जागी मोठा 4 ओमचा रेझिस्टर, 1000 हर्ट्झचा सूर, आणि ऑसिलोस्कोपवर लाटेचं डोकं सपाट व्हायच्या आधीचं रीडिंग. तेव्हापासून प्रत्येक बोर्ड चढवायच्या आधी टेबलावर जातो. लॉटमधले निदान पाच नग मोजायचे आणि त्यातला सगळ्यात कमी आकडा लिहायचा, असा नियम आहे.

पहिले चार महिने कठीण गेले. दिवसाला एखादं पार्सल, कधी तेही नाही. बहीण काही बोलायची नाही, पण हप्त्याच्या तारखेला घरात चहा जरा शांततेत व्हायचा. नवं दुकान काढणाऱ्याने हा काळ धरूनच चालावं. आणखी काही गोष्टीही धराव्यात. दुसऱ्या राज्यात माल पाठवायचा तर उलाढाल कितीही छोटी असो, जीएसटीची नोंदणी लागते. आमच्या मालावर तो 18 टक्के आहे. पॉवर ॲडॉप्टर ठेवायचे तर बीआयएसचा नोंदणी क्रमांक असलेलेच ठेवावेत, स्वस्तातल्या बिनक्रमांकाच्या ॲडॉप्टरने लोकांच्या घरात आग लागायची. कुरियरचा भाव नुसत्या वजनावर नसतो. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बहुधा 5000ने भागतात, आणि खऱ्या वजनापेक्षा तो आकडा मोठा आला तर त्याचेच पैसे घेतात. 30 बाय 25 बाय 20चं खोकं आत कापूस भरून पाठवलं तरी 3 किलोचं. आणि ‘माल मिळाल्यावर पैसे’ ठेवलं की काही पार्सलं फिरून परत येतात, जाण्या-येण्याचं भाडं आपल्या अंगावर. एकदा एका मोठ्या ऑनलाइन बाजाराकडून परत आलेल्या खोक्यात आमच्या नव्या बोर्डाऐवजी कुणाचा तरी जळका बोर्ड निघाला. तक्रार केली, उत्तरं आली, पैसे आले नाहीत.

फोन मात्र वाढत गेले. लोकांना माल घ्यायच्या आधी बोलायचं असतं. एका गावातून भजनी मंडळाच्या काकांचा फोन आला. मंदिरासमोर पन्नास-साठ माणसं बसतात, मागच्यांना ऐकू जात नाही, तर 200 वॅटचा बोर्ड द्या म्हणाले. मी विचारलं, आत्ता काय आहे? 30 वॅटचा सेट आणि लाकडी खोक्यातला जुना स्पीकर. मी म्हटलं, काका, सेट चांगला आहे, तो ठेवा, त्याला जुळणारा एक हॉर्न घ्या. तेवढ्याच वॅटमध्ये हॉर्न साध्या स्पीकरपेक्षा कितीतरी लांब आवाज फेकतो, आणि तिथे संगीतापेक्षा शब्द कळायला हवेत. हॉर्न आम्ही विकत नाही, तालुक्याच्या गावी मिळेल असं सांगितलं. भाचा समोर बसून ऐकत होता. फोन ठेवल्यावर तो हसला आणि म्हणाला, “गेलं गिऱ्हाईक.” महिन्याभराने त्याच काकांनी मायक्रोफोनची वायर आणि सहा कनेक्टर मागवले. पुढच्या आठवड्यात शेजारच्या गावातल्या मशिदीच्या ट्रस्टींचा फोन आला, नंबर काकांनीच दिला होता.

दोन वर्षं होत आली. भिशी फिटली. महिन्याला दीडशे-पावणेदोनशे पार्सलं जातात, त्यात भाच्याचा पगार निघतो आणि माझा दुरुस्तीचा धंदा चालूच आहे. 100 वॅट लिहून विकणारे अजून तसेच विकताहेत आणि आमच्यापेक्षा जास्त विकताहेत. खरेपणाने आमची भरभराट झाली असं मी सांगणार नाही, तसं झालेलं नाही. एवढंच झालंय की आमचं परत येणारं पार्सल बहुधा पत्ता चुकलेलं असतं, माल चुकलेला क्वचित.

काही माल मात्र आम्ही ठेवतच नाही. 5200 आणि 1943 ही ट्रान्झिस्टरची जोडी रोज कुणी ना कुणी मागतं. साउंडवाल्यांचे मोठे ॲम्प्लिफायर तिच्यावरच चालतात. पण बाजारात तिच्या नकला इतक्या आहेत की वरून नंबर अगदी अस्सल आणि फोडून पाहिलं तर आतली चकती नखापेक्षा लहान. आमच्या टेबलावर ही जोडी पूर्ण भारावर तपासायची तर तपासता तपासताच ती जळायची. अधिकृत वितरकाकडून आणावी तर भाव बाजाराच्या कितीतरी पट. भाच्याचं म्हणणं, दहा जोड्या त्या भावाने आणून पाहू, कारण लिहू आणि किंमतही तीच लावू. घेणारे थोडे असतील, पण असतील. त्या चार ओळी त्याने परवा लिहून माझ्याकडे दिल्यात. मी अजून वाचतोय.