चालत्या दुकानाला कुलूप

कॅनडातील माँट्रियल शहरात एका उद्यानाला ल्हासा दे सेला हिचे नाव दिलेले आहे. ही गायिका जन्माने कॅनडाची नव्हती, आणि जिच्यामुळे ती प्रसिद्धीस आली ती पहिली ध्वनिमुद्रिका त्या शहरात चालणाऱ्या फ्रेंच वा इंग्रजीत नव्हे, तर स्पॅनिश भाषेत होती. तरीही ते शहर तिला आपली लेक मानते.

ल्हासाचा जन्म १९७२ साली न्यूयॉर्क राज्यातील एका खेड्यात झाला. वडील मूळचे मेक्सिकोचे, आई अमेरिकन. जन्मानंतर कित्येक महिने मुलीला नावच नव्हते. तिबेटविषयीचे पुस्तक वाचताना आईला ते गवसले. कुटुंबाचे बिऱ्हाड म्हणजे शाळेची एक जुनी बस. ती अमेरिका आणि मेक्सिको यांच्या दरम्यान वर्षानुवर्षे फिरत राहिली. मुलींचे शिक्षण आईच करी. दूरचित्रवाणी नव्हती, म्हणून सायंकाळी बहिणी आपापसांत नाटुकली रचत. व्यवहाराच्या तराजूत असे बालपण हलकेच भरेल. परंतु मेक्सिकोची रांचेरा गीते, चावेला वार्गासचा करडा स्वर, चिलीच्या विक्तोर हाराची गाणी आणि अमेरिकेतील बिली हॉलिडेचे जॅझ ही सारी ठेव त्याच काळात तिच्या खाती जमा झाली.

तेराव्या वर्षी ती सॅन फ्रान्सिस्कोमधील एका ग्रीक कॉफीगृहात गाऊ लागली. पुढे एकोणीस वर्षांची असताना माँट्रियलला आली. तेथे गिटारवादक इव्ह देरोझिए याच्यासह पाच-सहा वर्षे मद्यालयांतून गाणे चालले. समोरच्यांचे लक्ष पेल्याकडे अधिक, गाण्याकडे कमी. अशा गिऱ्हाइकाला थांबवून ऐकायला लावणे ही सोपी विक्री नव्हे! १९९७ मध्ये या जोडीची ‘ला योरोना’ ही ध्वनिमुद्रिका निघाली. मेक्सिकोच्या लोककथेतील विलाप करणाऱ्या स्त्रीचे हे नाव. पुढच्याच वर्षी तिला कॅनडाचा जूनो पुरस्कार मिळाला.

व्यापारी कुटुंबातील कोणीही येथे सांगेल, की आता दुसरा माल तत्काळ बाजारात आणावयाचा. ल्हासाने मात्र चालत्या दुकानाला कुलूप लावले. कार्यक्रमांच्या दीर्घ दौऱ्यांनी थकलेली ती फ्रान्सला गेली. तेथे तिच्या बहिणी एका छोट्या फिरत्या सर्कशीत काम करीत होत्या. ती त्यांच्यात मिसळली, तंबूत गाऊ लागली. चाकांवरचे घर पुन्हा मिळाले म्हणावयाचे. नंतर मार्सेय बंदरात राहून तिने नवी गीते लिहिली. दुसरी ध्वनिमुद्रिका ‘द लिव्हिंग रोड’ २००३ मध्ये आली, म्हणजे तब्बल सहा वर्षांनी, आणि तीत स्पॅनिश, फ्रेंच व इंग्रजी अशा तिन्ही भाषा होत्या. तीन भाषांत लिहिणे म्हणजे एकच गीत तीनदा भाषांतरित करणे नव्हे. प्रत्येक गीत ज्या भाषेत सुचले, त्याच भाषेत तिने ते राहू दिले. या खटाटोपाला २००५ मध्ये बीबीसीचा जागतिक संगीताचा पुरस्कार लाभला, हे खरे; पण पुरस्कार नसता तरी तिने घाई केली असती, असे तिच्या वर्तनावरून वाटत नाही.

तिसरी आणि अखेरची ध्वनिमुद्रिका संपूर्ण इंग्रजीत, केवळ ‘ल्हासा’ या नावाने २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. सर्व वादक एकत्र बसवून, जुन्या पद्धतीने फितीवर तिचे मुद्रण केले होते. तोवर स्तनाच्या कर्करोगाचे निदान झालेले होते. नियोजित दौरा रद्द करावा लागला. १ जानेवारी २०१० रोजी, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, माँट्रियलमधील राहत्या घरी तिचा अंत झाला. बारा वर्षांच्या काळात तिने मागे ठेवल्या त्या तीनच ध्वनिमुद्रिका.