लायसन नसलेला पुणेकर

पुण्यात राहून, आयटीत नोकरी करून, तिशी जवळ आली तरी स्वतःची दुचाकी नसलेला माणूस एक तर प्रचंड पर्यावरणवादी असतो नाही तर प्रचंड कंजूष. ऑफिसात माझ्याबद्दल दोन्ही मतप्रवाह आहेत. खरं कारण अगदीच कंटाळवाणं आहे. लायसनसाठी जो फॉर्म १ भरावा लागतो त्यात सुरुवातीलाच विचारलेलं असतं, की तुम्हाला अपस्मार किंवा अचानक शुद्ध हरपण्याचा त्रास आहे का? मला आहे. संपला विषय. इंग्लंडात वर्षभर फिट आली नाही तर कार चालवायची परवानगी पुन्हा मागता येते. आपल्याकडच्या फॉर्मात "शेवटची फिट कधी आली होती?" हा प्रश्नच नाही. माझी शेवटची २०२१ मध्ये आली होती.

एपिलेप्सी. मराठी पुस्तकात अपस्मार, आमच्या आजीच्या भाषेत फेफरं आणि हॉस्टेलच्या भाषेत फिट.

पहिली फिट आली ती २०१६ साली, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. सबमिशनचे दिवस, दोन रात्री जागून फाईली उतरवणं चाललेलं. पुढचं सगळं मला ऐकीव माहितीवर सांगावं लागतं, कारण त्या कार्यक्रमाला मी हजर नव्हतो :) पडलो, अंग ताठ झालं, मग झटके. पोरांनी जीव तोडून मदत केली. एकाने नाकाला चप्पल लावली (कोल्हापुरी नव्हती, बाथरूमची होती), दुसऱ्याने कांदा फोडून आणला, तिसऱ्याने हातात किल्ल्यांचा जुडगा कोंबला, आणि चौथ्याने जीभ चावू नये म्हणून दातांत चमचा घातला. चमचा शाबूत राहिला. माझा पुढचा एक दात अर्धा गेला.

आता गंमत बघा. बहुतेक फिट मिनिटा-दोन मिनिटांत आपल्या आपणच थांबतात. त्यामुळे त्या वेळी जे काही चालू असेल त्याला श्रेय मिळतं. सर्व्हर आपोआप वर यावा आणि नेमका त्याच क्षणी कुणी तरी टेबलावर बुक्की मारलेली असावी, तसं. मग पिढ्यान् पिढ्या टेबलावर बुक्क्या मारल्या जातात. चपलेचं तेच झालंय.

खरं करायचं काम इतकं कमी आहे की लोकांना ते मदत वाटतच नाही. आसपासच्या टोकदार वस्तू दूर सरकवायच्या, डोक्याखाली काही तरी मऊ द्यायचं, चष्मा काढायचा, कुशीवर वळवायचं, तोंडात काहीही घालायचं नाही, पाणीसुद्धा नाही. हातपाय दाबून धरायचे नाहीत. आणि घड्याळ बघायचं! पाच मिनिटांवर गेलं किंवा एक संपून शुद्ध यायच्या आत दुसरी सुरू झाली तर १०८ ला फोन. थांबल्यावर माणूस अर्धा तास तरी गोंधळलेला असतो, तेव्हा त्याच्याजवळ बसायचं. या शेवटच्या भागाला गर्दी नसते. तोपर्यंत जमलेले लोक पांगलेले असतात.

डॉक्टरांकडे गेलो, एमआरआय नॉर्मल. ईईजी पण नॉर्मल. घरच्यांना वाटलं, सुटलो. पण वीस-तीस मिनिटांच्या लॉगमध्ये एरर दिसली नाही म्हणून बग नाही असं आपण तरी म्हणतो का? अधूनमधून येणारा, पुन्हा घडवून न दाखवता येणारा बग ज्याने शोधलाय त्याला न्यूरॉलॉजिस्टचं दुःख कळेल. काही महिन्यांनी दुसरी फिट आली आणि गोळी सुरू झाली. सकाळी नऊ, रात्री नऊ. या गोळीने चिडचिड वाढू शकते असं डॉक्टर म्हणाले होते. आई म्हणाली, "ती आधीपासून आहे."

आमच्या फ्लॅटवर एक नियम आहे, बाथरूमची कडी लावायची नाही. आत पडलो तर दार फोडत बसायला नको. दार नुसतं लोटायचं आणि चपला बाहेर काढून ठेवायच्या. चपला दिसल्या की आत माणूस आहे. (म्हणजे एपिलेप्सीत चपलेचा उपयोग होतो, फक्त वेगळा.) नवीन रूममेट आला की आधीचा रूममेट त्याला हे सांगतो, गीझरचं बटण दाखवता दाखवता, त्याच सुरात. हा सूर मला फार आवडतो.

माझी फिट निदान आली की दिसते तरी. काही मुलांना नुसती काही सेकंदांची समाधी लागते. बोलता बोलता थांबतात, शून्यात बघतात, पुन्हा सुरू. दिवसातून डझनावारी वेळा. शाळेत त्याला "लक्ष नाही" म्हणतात. डॉक्टर अशा मुलाला कधी कधी भिरभिरं देतात आणि दोन-तीन मिनिटं जोरजोरात फुंकायला लावतात. भिरभिरं थांबलं, मूल टक लावून बसलं, की ओळखू येतं. मला हे वाचल्यावर शाळेतल्या पट्ट्या आठवल्या. त्यातल्या किती कुणावर उगीच पडल्या असतील कुणास ठाऊक.

नोकरीत अडचण वेगळी. जागरण हे फिट यायचं एक मोठं कारण, आणि आपला धंदाच जागरणाचा. अमेरिकेच्या वेळेचे कॉल, रात्री दोनची रिलीज, ऑन-कॉल. २०२१ ची फिट अशाच एका आठवड्यानंतर आली, घरूनच काम चाललं होतं तेव्हा. त्यानंतर टीम लीडला सांगितलं. त्याने दोनच प्रश्न विचारले : "झालं तर आम्ही काय करायचं? आणि होऊ नये म्हणून काय टाळायचं?" अरेरे नाही, कुठल्या तरी बाबाचा पत्ता नाही. दुसऱ्या दिवशी रोटा बदललेला होता. रात्रीचं ऑन-कॉल इतरांकडे, शनिवार-रविवार दिवसाचं माझ्याकडे.

यावर एक जण कुरकुरला. "याचं बरंय राव, रात्रीची झोप पक्की." त्याचाही मला राग आला नाही, त्याच्या बाजूने बघितलं तर धडधाकट माणूस लाडावलेला दिसतोय. माझा पाय प्लॅस्टरमध्ये असता तर याच माणसाने माझी बॅग उचलली असती. लीड त्याला एवढंच म्हणाला, "मग पुढचे चार वीकांत तू घे." त्याने नाही घेतले.

लंडनच्या गॅटविक विमानतळावर २०१६ साली सूर्यफुलांची हिरवी पट्टी सुरू झाली. गळ्यात घातली की कर्मचाऱ्यांनी समजायचं, या माणसाला काही तरी न दिसणारी अडचण आहे, जरा सबुरीने घ्या. काय आहे ते विचारायचंही नाही. कल्पना छान आहे. पण मी रोज गळ्यात कंपनीची निळी पट्टी घालून फिरतो, तिच्यावर अजून एक चढवायचा धीर होईल का, सांगता येत नाही. आपला कायदाही त्याच साली बदलला. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात एकवीस झाले. थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकल सेल, वाचन-लेखनाची अडचण, यातलं बरंचसं बघून कळणारं नाही. एपिलेप्सीचं नाव मात्र त्या यादीत स्वतंत्रपणे नाही. मला प्रमाणपत्र नकोय म्हणा, झोप हवी आहे.

आणि लग्न! १९९९ पर्यंत हिंदू विवाह कायद्यात एपिलेप्सीचे झटके येणारा माणूस लग्नाच्या अटीतच बसत नव्हता. त्या वर्षी दुरुस्ती होऊन तो शब्द निघाला. कायद्यातून निघाला. आमच्याकडे सध्या स्थळं बघणं चालू आहे. आईचं म्हणणं, पहिल्याच भेटीत कशाला, जरा ओळख होऊ दे. बाबा म्हणतात, जॉन्टी ऱ्होड्सलाही आहे म्हणून सांग. (खरंच आहे, तो उघडपणे बोलतो त्याबद्दल. पण १९९२ ला स्टंपांवर झेपावून इंझमामला रनआउट केलेल्या माणसाशी माझी तुलना कोणत्याही मुलीने करू नये अशी माझी नम्र विनंती आहे.)

माझं मत, पोहे यायच्या आत सांगायचं. गेल्या महिन्यात एका ठिकाणी सांगितलं. तिच्या वडिलांनी विचारलं, पुढच्या पिढीत येतं का? रास्त प्रश्न आहे, बहुतेकांच्या बाबतीत येत नाही, डॉक्टरांशी बोलून घ्या म्हणालो. नंतर फोन आला नाही. दुसरीकडे सांगितलं तर ती मुलगी म्हणाली, "म्हणजे रात्रीच्या प्रवासात गाडी कायम मीच चालवायची?" मी म्हटलं, दिवसाच्याही.

पुढच्या रविवारी पुन्हा भेटतोय.