तिसऱ्या जागेवरून तीन बदाम

ब्रिजमध्ये पानांत काही नसताना सगळ्यात मोठ्याने बोलायची सोय आहे. तिला प्रीएम्प्ट म्हणतात. तीनशेचार खेळत मोठ्या झालेल्या माझ्यासारखीला हे पचायला वेळ लागला. तिथे पानं भारी आली की माणूस चढतो, नाहीतर गप्प बसतो. इथे सात इस्पिक आणि बाकी सगळा कचरा आला, तर पहिल्याच बोलीत '३ इस्पिक' म्हणायचं, म्हणजे तेरापैकी नऊ हात करायचा शब्द द्यायचा. आणि मनात ठाऊक असतं, होणार सहाच.

हा वेडेपणा का करायचा? ब्रिजची बोली म्हणजे ३५ पायऱ्यांचा जिना. खाली १ किलवर, वर ७ बिनहुकमी. '३ इस्पिक' ही १४वी पायरी. मी थेट तिथे उडी मारली की खालच्या १३ पायऱ्या जळून जातात. समोरच्या जोडीकडे चांगली पानं असतील, तर त्यांना याच पायऱ्यांवर निवांत गप्पा मारायच्या होत्या: तुझ्याकडे बदाम किती, एक्के किती, गेमपर्यंत जायचं का? आता पहिलाच प्रश्न चौथ्या मजल्यावर उभं राहून विचारायचा.

याची किंमत असते. एली कल्बर्टसनच्या काळापासून चालत आलेला जुना हिशेब असा: तुम्ही व्हल्नरेबल नसाल तर तीन हात कमी पडले तरी चालतील, असाल तर दोन. डबल होऊन दोन्हीकडे दंड बसतो ५००. समोरच्यांचा व्हल्नरेबल गेम ६००च्या पुढे जातो, म्हणजे सौदा फायद्याचा. मात्र ते व्हल्नरेबल नसतील तर त्यांचा गेम ४००च्या आसपास, आणि तिथे ५०० देणं म्हणजे आतबट्ट्याचा धंदा. (हॅरल्ड व्हँडरबिल्टने १९२५च्या जहाजप्रवासात आजच्या ब्रिजची गुणपद्धत बसवली. 'व्हल्नरेबल' हा शब्द त्याच जहाजावरच्या एका तरुण सहप्रवासी मुलीने सुचवला, असं तो सांगायचा. एवढा चपखल शब्द देणाऱ्या मुलीचं नाव मात्र कुणी टिपून ठेवलं नाही.)

सात पानांचा रंग साधारण २८ डावांत एकदा येतो. म्हणजे एका संध्याकाळी एखाददुसरी वेळ. सुरुवातीला मला तो दिसला की हात शिवशिवायचे. माझे भिडू, त्यांना मी काकाच म्हणते, यांनी पहिल्या दिवशी मला पानांच्या दोन जोड्या मांडून दाखवल्या. एकीत इस्पिकचे राजा, राणी, गुलाम आणि खाली चार बारकी, बाहेर शून्य. दुसरीतही सात इस्पिकच, पण वर फक्त एक्का, आणि बाहेर बदामचा राजा, चौकटचा एक्का. "गुण दुसरीत जास्त. प्रीएम्प्ट कुठली?" मी दुसरी म्हणेन असं त्यांना वाटलं असावं. पण तोवर माझ्या लक्षात आलं होतं. पहिलीतले इस्पिक हुकूम झाले तर सहा हात देतात, आणि समोरच्यांचा रंग हुकूम झाला तर जेमतेम एक. ती पानं बोलण्यासाठीच जन्मलेली. दुसरी बचावातही राबते. तिला उड्या मारायची घाई नसते.

मग जागेचा प्रश्न. पहिल्या जागेवर असाल तर तीन माणसं बोलायची बाकी, त्यातली दोन शत्रूची. दुसऱ्या जागेवर एक शत्रू पास म्हणून गेलेला, म्हणजे उरले एक शत्रू आणि एक भिडू. भारी पानं काकांकडे असायची शक्यता तेवढीच. पायऱ्या जाळल्या तर त्या त्यांच्याही जळतात. प्रीएम्प्टबद्दल मला सगळ्यात जास्त छळणारी गोष्ट हीच.

काका आधी ज्यांच्याबरोबर खेळायचे, ते त्यांचे मित्र २०२१मध्ये गेले. त्यांच्या हातची एक वही काकांकडे आहे, दोघांनी ठरवलेल्या बोलींची. काका ती मला वापरायला देतात, घरी न्यायला देत नाहीत. त्यात प्रीएम्प्टचं पान आहे: दुसऱ्या जागेवर शिस्त, वरच्या तीनपैकी दोन मोठी पानं हवीत. बाहेर चार पानी बदाम किंवा इस्पिक नको. त्याखाली वेगळ्या शाईत, "तिसऱ्या जागेवर मोकळीक." हे आधी भांडण होऊन मग लिहिलंय, असं काकांनी एकदाच सांगितलं.

गेल्या हिवाळ्यातल्या जोड्यांच्या स्पर्धेत शेवटच्या फेरीला आम्ही वरच्या तिघांत होतो. अशा स्पर्धेत तीच पानं सगळ्या टेबलांवर फिरतात आणि इतरांशी तुलना होते. दुसरी जागा, आम्ही व्हल्नरेबल, ते नाहीत. मला सात इस्पिक: राणी, नव्वी, अठ्ठी आणि खाली चिल्लर. बाहेर बदामचा राजा, किलवरची राणी, चौकटचा गुलाम, असे विखुरलेले. मी पास केलं. डावीकडच्याने १ बिनहुकमी उघडलं, त्याच्या भिडूने ३ केलं, डाव झाला, आम्हाला उणे ४००. नंतर कळलं, काही टेबलांवर ३ इस्पिक बोलले गेले, कुणी डबल केलं नाही, दोन हात कमी पडून उणे २००वर सुटले. आमचा तो डाव तळाला गेला.

काका गुणपत्रक बघत म्हणाले, "पास बरोबर होता, बाळ. तू इस्पिक बोलली असतीस तर मी उतारीला माझा एकुलता राजा टाकला असता. तुझ्या शब्दावर." पुढच्या वेळीही तीच पानं आली तर मी पासच करीन. डबल होऊन ५०० देणारा टेबल त्या दिवशी नव्हता, एवढंच.

दोन डावांनंतर काका पास, उजवीकडची बाई पास, आणि मी तिसरी. या वेळी व्हल्नरेबल ते होते. सहाच बदाम, राजा-गुलाम-दस्सीपासून खाली. बाकी पानांत एक चित्र नाही. एकूण चार गुण. पत्त्यांत गुण असतात ४०. पास करणाऱ्या दोघांकडे फार तर ११-११ धरले, तरी चौथ्याकडे १४ उरतात. म्हणजे खजिना कुठे आहे हे बोलीआधीच कळलेलं. मी स्टॉप कार्ड ठेवलं आणि ३ बदाम.

चौथा बराच वेळ बसून राहिला. मग ३ इस्पिक. त्याची भिडू ४ इस्पिक. तिच्याकडे लांब किलवर होते, इस्पिक एकच, पण ते सांगायची पायरीच नव्हती. दोन हात कमी पडले, आम्हाला २००. इतरत्र ५ किलवर सुखाने होत होते.

बाकी आम्ही त्या दिवशी चौथे आलो. घरी आईने नेहमीसारखं विचारलं, "पत्तेच ना?" पूर्वी मी २०१८च्या जकार्ता आशियाई स्पर्धेतलं प्रणव बर्धन आणि शिवनाथ सरकार यांचं सुवर्णपदक सांगायचे. एक ६० वर्षांचा, दुसरा ५६. आता नुसतं हो म्हणते.

काल रात्री काकांनी व्हॉट्सॲपवर पानं पाठवली. पहिली जागा, कुणीच व्हल्नरेबल नाही. किलवर सात, राजा-राणी-दस्सी. बाहेर चार बदाम, राणी-नव्वी. वहीप्रमाणे पास. मी लिहिलं, "३ किलवर. पहिल्या जागेवर चार बदामांची भीती वाटत नाही मला."

दोन निळ्या टिका आल्या. मग बराच वेळ 'टायपिंग'. शेवटी आलं, "रविवारी वही घेऊन येतो. पेन तू आण."