सीतेच्या वेणीच्या शोधात

गेली एकवीस वर्षे मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. या व्यवसायात फुलांशी माझा संबंध येतो तो कवितेपुरता. पारिजातकाचा सडा, केवड्याचा गंध, बकुळीची माळ ही सगळी मला तोंडपाठ आहेत. पण महाविद्यालयाच्या फाटकाशी उभ्या असलेल्या झाडाचे नाव कोणी विचारले, तर मी घसा साफ करतो आणि विषय बदलतो. अशा माणसाने ऐन जूनच्या पावसात, डोक्यावर छत्री आणि गळ्यात दुर्बीण अशा थाटात आंबोलीच्या जंगलात मान वर करून हिंडावे, याला काही कारण हवे. ते सांगितल्यावाचून पुढचे सांगण्यात अर्थ नाही, आणि सांगायला मला थोडी लाजही वाटते.

बारा वर्षांपूर्वी सौ. आणि मी आंबोलीला गेलो होतो. दिवस डिसेंबरचे होते. बाजारापासून थोड्या अंतरावर एका चहाच्या टपरीसमोर जांभळीचे जुने झाड होते आणि त्याच्या खालच्या फांदीवर हिरव्यागार पट्ट्यांसारख्या पानांचा एक झुबका बसलेला होता. टपरीपाशी खेळणारा एक पोरगा म्हणाला, “तेका वेणीसारखी फुला येतत.” झाले! मी त्याच्या हातावर पन्नासाची नोट ठेवली. पोरगा सरसर वर चढला आणि सालीच्या ढलपीसकट तो झुबका ओरबाडून खाली घेऊन आला. सौ. म्हणाली, “अहो, राहू द्या ना. झाडावरच शोभतं ते.” माझे उत्तर तयार होते. “अगं, बांडगूळ आहे ते! काढलं तर झाडावर उपकारच होतील.”

कोल्हापुरास आल्यावर मी त्याला नवी कुंडी आणली, तांबडी माती आणली, शेणखत घातले, सकाळ-संध्याकाळ पाणी घातले. महिनाभर पाने हिरवी राहिली. मग मुळे काळी पडली, पाने एकेक करून गळाली, आणि दुसरा पावसाळा सरता सरता कुंडी रिकामी झाली. सौ.ने तीत ओवा लावला. मी म्हणालो, “परजीवीच ते. दुसऱ्याच्या रक्तावाचून कसं जगणार?” हे वाक्य मला इतके आवडले की पुढे ‘बांडगूळ’ हा शब्द शिकवताना मी ते वर्गातही वापरू लागलो.

एके दिवशी स्टाफरूममध्ये मी तेच वाक्य मोठ्या झोकात ऐकवले. आमचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक जवळच चहा पीत बसले होते. वयाने आमच्याहून वडील, म्हणून सगळे त्यांना आबा म्हणतात. त्यांनी कप खाली ठेवला. “पानं पट्ट्यासारखी होती? जाड? आणि मुळं पांढरी, करंगळीएवढी?” मी होय म्हणालो. “मग सर, ते बांडगूळ नव्हतं. ती आमरी होती. आणि ती उपाशी मेली नाही, तुम्ही तिला बुडवून मारलीत.”

थोडा वेळ कोणीच बोलले नाही. मग आबांनीच विचारले, “कोणती होती?”

“कोणती म्हणजे?”

“आपल्या महाराष्ट्रात आमरीच्या शंभरावर जाती आहेत. त्यांतली कोणती?”

मला सांगता येईना. फूल यायच्या आतच ती गेली होती. जिचे नावही विचारले नाही तिला मी घरी आणून मारले, ही गोष्ट त्या दिवशी मनात रुतली ती रुतलीच. यंदाच्या जूनमध्ये आबांनी “चला” म्हणताच मी निघालो ते एवढ्यासाठी. निघताना सौ. एवढेच म्हणाली, “बघून या. आणू मात्र नका काही.”

आजरा मागे पडला की हवा बदलते. आंबोलीत एस.टी. थांबली तेव्हा दहा हातांवरचे दिसत नव्हते. वर्षाला ७,००० मिलिमीटरच्या वर पाऊस झेलणारे हे गाव; तिथे विजेच्या तारांवरही शेवाळ धरते. समुद्रावरून आलेले ढग घाटमाथ्याला इथेच पहिल्यांदा धडकतात. झाडाच्या सालीवर बसून हवेतल्या ओलाव्यावर जगणाऱ्या वनस्पतीला याहून चांगले गाव कुठले मिळणार?

पहिल्या दिवशी आबांनी मला फुले पाहूच दिली नाहीत. “आधी बांडगूळ ओळखा,” म्हणाले. एका आंब्याखाली त्यांनी मला उभे केले. वर दोन पाहुणे होते. पहिल्याची फांदी लाकडासारखी टणक, पाने आंब्याच्याच पानांत मिसळून गेलेली. आणि जिथे ते फांदीला भिडले होते तिथे फांदी सुजून गाठ आली होती. हे खरे बांडगूळ. त्याची मुळे सालीतून आत शिरतात आणि आंब्याचा रस पितात. दुसरा पाहुणा पट्ट्यासारख्या पानांचा. त्याची पांढरी मुळे सालीवरून नुसती पसरली होती, काही तर हवेतच लोंबत होती. टोके तेवढी हिरवी.

“त्या मुळावर स्पंजासारखं आवरण असतं,” आबा सांगू लागले. “पाऊस पडला की ते पाणी शोषून घेतं, धुकं आलं तरी भिजतं. भिजलं की आतला हिरवा रंग दिसतो, वाळलं की पुन्हा पांढरं. झाडाकडून ती फक्त जागा घेते. झाडाचा एक घोटही पीत नाही.”

असे मूळ मी मातीत पुरले होते आणि वर दोन वेळा पाणी घातले होते! त्याला भिजणे हवे असते तसे वाळणेही हवे असते. कुंडीत ते कुजले, यात नवल ते काय!

मराठीच्या मास्तराला आपल्या अज्ञानाला शब्दाचा आधार शोधायची सवय असते. संस्कृतात ‘वन्दा’ म्हणजे झाडावर वाढणारी वनस्पती, मग ती रस पिणारी असो वा नसो. शाकुंतलाचे इंग्रजी भाषांतर करणारे सर विल्यम जोन्स यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस हाच शब्द उचलून आमरीच्या एका गटाला दिला, आणि आज जगभर तो गट ‘व्हँडा’ या नावानेच ओळखला जातो. पूर्वजांनीही दोघांना एकाच नावात बांधले होते, असे मी आबांना ऐकवले. ते म्हणाले, “बांधलं असेल. पण पूर्वजांनी ती कुंडीत लावली नव्हती.”

दुसऱ्या दिवशी फुलांची पाळी आली. घाटाच्या बाजूला एका किंजळाच्या फांदीवरून गुलाबी फुलांचा घोस लोंबत होता. दुर्बीण लावताच मी ओरडलो, “सीतेची वेणी!” आबा शांतपणे म्हणाले, “कशावरून?” वेणीसारखी दिसते यावरून, दुसरे काय सांगणार!

खाली, वाऱ्याने पडलेला त्याचाच एक तुरा चिखलात मिळाला. तो हातात घेऊन आबांनी मला फुलाचे व्याकरण शिकवले. बाहेरची तीन दले, आतल्या तीन पाकळ्या. त्या तिनांतली एक मात्र बाकीच्या दोघींसारखी नाही. तिला ओठ म्हणतात. आमरी ओळखायची ती मुख्यतः या ओठावरून. मधोमध एक ठेंगणा स्तंभ असतो, त्यात पुंकेसर आणि स्त्रीकेसर एकजीव झालेले असतात. मी म्हणालो, “म्हणजे समास!” आबा हसले. त्यांनी गवताची एक वाळकी काडी घेऊन स्तंभाच्या टोकाला अलगद लावली आणि मागे घेतली. काडीच्या टोकाला दोन पिवळे कण चिकटून आले. हे परागपुंज. इतर फुले पराग पिठासारखा उधळतात. आमरी त्याची पुरचुंडी बांधून भुंग्याच्या अंगाला चिकटवते आणि पुढच्या फुलाकडे धाडते.

“आता बघा. याचा ओठ तीन भागांचा आहे. घोसातली फुलं सुटी सुटी आहेत. ही सीतेची वेणी नाही. हिचं शास्त्रीय नाव एरिडीस मॅक्युलोसा. पाकळ्यांवर ठिपके आहेत, म्हणून मॅक्युलोसा. सीतेच्या वेणीचा ओठ असा विभागलेला नसतो. त्याच्या बुडाशी दोन्ही बाजूंनी चेपल्यासारखी पिशवी असते, आणि फुलं इतकी दाट की मधला दांडा दिसत नाही.”

संध्याकाळी खोलीवर आबांनी पिशवीतून दोन जुन्या ग्रंथांच्या छायाप्रती काढल्या. एक थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा, १९०१ ते १९०८ या काळात निघालेला; दुसरा फादर सांतापाव आणि कापडिया यांचा, १९६६चा, खास मुंबई प्रांतातल्या आमरींवरचा. कंदिलापाशी वाचावे तशी आम्ही मोबाइलच्या उजेडात ती पाने वाचली, कारण वीज गेली होती. पाहिलेल्या फुलाचा ओळ न् ओळ ताळा पडू लागला तेव्हा जो आनंद झाला तो जुन्या पोथीतला अडलेला शब्द उलगडल्यासारखा होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी सड्यावर गेलो. उन्हाळ्यात करपलेला तो कातळ पावसाने नुकताच ओला झाला होता. तिथे जमिनीला चिकटून एकेकच गोल पान, आणि त्यातून वर आलेल्या वीतभर दांड्यावर झालरीची पांढरी फुले. आमरी जमिनीवरही उगवते हे मला नवे होते. “हिचं मूळ वर्षभर या मातीत कंदाच्या रूपानं असतं,” आबा म्हणाले. “पाऊस आला की घाईनं पान, घाईनं फूल, आणि मग पुन्हा झोप.” फुलामागचा देठ पिळल्यासारखा दिसत होता. कळी उमलताना तो देठ अर्धा वेढा घेतो, तेव्हा कुठे ओठ खाली येतो आणि कीटकाला बसायला ओटा मिळतो. मी गुडघे टेकून ते पाहत होतो, आणि मनात हिशेब चालला होता की आता एकच ठिकाण उरले.

चहाची टपरी जागच्या जागी होती. समोरचे जांभळीचे झाड मात्र नव्हते.

टपरीवरच्या काकी आता साठीच्या पुढे गेलेल्या. मी विचारले तेव्हा म्हणाल्या, “ता जांभळीचा झाड? ता तौक्ते इला तेव्हा पडला.” म्हणजे मे २०२१. मी गप्प झालो. झाड गेले म्हणजे त्यावरचे सारे गेले. माझ्या झुबक्याची भावंडे पाहायची, आणि नाव कळले तर कळावे, एवढ्यासाठी मी आलो होतो.

आबांनी चहा घेता घेता विचारले, “त्याच्यावर फुलं यायची ना, वेणीसारखी?” काकींनी आम्हांला टपरीच्या मागे नेले. तिथे फणस होता आणि त्याच्या खोडावर, हात पोचेल एवढ्या उंचीवर, सुंभाने बांधलेले चार झुबके. सुंभ आता कुजत आला होता. त्याची गरजही उरली नव्हती. पांढऱ्या मुळांनी फणसाची साल घट्ट कवटाळली होती. आणि दोन झुबक्यांवरून हातभर लांब, दाट, पांढऱ्यावर जांभळट गुलाबी ठिपक्यांच्या वेण्या खाली सुटल्या होत्या.

लाकूड न्यायला आले त्यांनी लाकूड नेले. ओरबाडून पडलेले झुबके काकींनी उचलले आणि फणसाला बांधले. दोन वर्षे फूल नव्हते, तिसऱ्या वर्षी आले. का बांधले, असे मी विचारले तर त्यांना प्रश्नच चमत्कारिक वाटला. “झाड पडला म्हणान हिणा काय पाप केल्यान?”

मी पुढे होऊन पाहिले. ओठ अखंड. बुडाशी चेपलेली पिशवी. फुले इतकी दाट की दांडा दिसेना. पाने मधोमध पन्हळीसारखी दुमडलेली, आणि टोके कोणी कुरतडावीत तशी. ती टोके माझ्या ओळखीची होती. दीड वर्ष मी ती रोज पाहिली होती. आबा काहीच बोलले नाहीत. नाव मीच घ्यावे अशी त्यांची इच्छा असावी.

“सीतेची वेणी,” मी म्हणालो.

याच फुलाला आसामात कपौ फूल म्हणतात आणि बिहूच्या दिवसांत मुली ते खरोखरच केसांत माळतात, असे आबांनी सांगितले तेव्हा काकींना फार मौज वाटली. मग आबांनी एक वाळकी शेंग दाखवली. अशा एका शेंगेत धुळीसारख्या बारीक बिया असंख्य असतात. पण बीमध्ये अन्नाचा साठा मुळीच नसतो. विशिष्ट बुरशीची सोबत मिळाली तरच ती रुजते, आणि फुलावर यायला पुढे कित्येक वर्षे जातात. इतक्या बियांतून एखादीच झाडावर टिकते. राखीव जंगलातून असे झाड काढून नेणे हा गुन्हा आहे हे मला कायद्यापुरते ठाऊक होते; त्याचे वजन त्या शेंगेने समजले. मी त्या पोराला दिलेली पन्नासाची नोट आठवली.

निघताना काकी म्हणाल्या, “व्हयी तर एक घेवन जावा, मास्तरानु.” काकींचे मन मोठे, पण मी हात जोडले. फणसाखाली उभे राहून एक छायाचित्र मात्र घेतले.

घरी आल्यावर सौ.ला ते दाखवले आणि सगळे सांगितले. ते बांडगूळ नव्हते, माझ्या हाताने मेले, आणि तिचे नाव सीतेची वेणी, हेही. तिने छायाचित्र बराच वेळ पाहिले.

“मला तेव्हाच वाटलं होतं,” ती म्हणाली. “माझ्या माहेरच्या आंब्यावर बांडगूळ होतं. त्याची पानं अशी नव्हती.”

“मग तेव्हाच का नाही सांगितलंस?”

“मी ‘राहू द्या’ म्हटलं होतं,” सौ. म्हणाली आणि ओव्याला पाणी घालायला गेली.

यंदा ‘बांडगूळ’ हा शब्द शिकवायची वेळ आली तेव्हा मी ते वाक्य वापरले नाही. फळ्यावर दोन मुळे काढली, एक सालीच्या आत शिरलेले आणि एक वरून कवटाळणारे. चित्रकला माझी यथातथाच. पण मुलांनी ती वहीत उतरवून घेतली.