जे वापरात राहते, ते टिकते

इंग्रजीशी ओळख झालेली आमच्या घराण्यातील माझी पहिलीच पिढी. त्यामुळे वसतिगृहात पाठ केलेला क्रियापदांच्या तीन रूपांचा तक्ता मला दगडावरच्या रेघेसारखा अढळ वाटे. पुढे भाषेचा इतिहास वाचताना कळले, की हा तक्ता म्हणजे शतकानुशतके चाललेल्या स्पर्धेची आजची स्थिती आहे.

1611 साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी बायबलमध्ये 'हेल्प'चे 'होल्पन' हे जुने रूप आढळते. आज तेथे 'हेल्प्ड' आहे. त्याच ग्रंथात 'डिग'चे 'डिग्ड' असे नियमित रूप आहे. आज आपण 'डग' म्हणतो. एक क्रियापद नियमाकडे गेले, दुसरे नियम सोडून निघाले. 'गेट'चे 'गॉटन' हे जुने रूप इंग्लंडमध्ये मागे पडले, अमेरिकेत मात्र टिकले. 'स्नीक्ड'शेजारी अमेरिकेतच 'स्नक' हे नवे रूप उभे राहिले.

या बदलामागे एक सूत्र आहे. हार्वर्ड विद्यापीठातील संशोधकांनी प्राचीन इंग्रजीतील 177 अनियमित क्रियापदांचा मागोवा घेतला व 2007 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. मध्ययुगापर्यंत त्यांपैकी 145 अनियमित राहिली, आज 98 आहेत. जे क्रियापद क्वचित वापरले जाते, ते लवकर नियमित होते. जे सतत जिभेवर असते, ते आपले वेगळेपण राखते. म्हणूनच 'गो', 'कम', 'सी' अनियमित राहिली. मराठीतही 'जाणे'चे 'गेला' आणि 'करणे'चे 'केला' ही रोजच्या बोलण्यातलीच रूपे आहेत.

शहरात शिकावयास गेल्यावर आमच्या गावच्या बोलीला हसणारे पुष्कळ भेटले. त्या हसण्याने कित्येक हुशार मुले वर्गात मुकी झालेली मी पाहिली. शुद्धतेचा निवाडा काळागणिक आणि देशागणिक बदलतो, हे त्यांना कुणी सांगितले असते, तर त्यांची मान ताठ राहिली असती. परीक्षेसाठी, नोकरीसाठी आजचे प्रमाण रूप कसून शिकावेच. ते आपल्या हक्काचे साधन आहे. परंतु त्यापायी घरची बोली हीन ठरत नाही. पालकांना माझी एवढीच विनंती आहे : मुलांना इंग्रजी अवश्य शिकवा आणि घरी त्यांच्याशी आपल्या बोलीत भरभरून बोला. न बोललेले शब्द कोणताही तक्ता जिवंत ठेवू शकत नाही.