टायरची गाठ

प्रभू येशूने सांगितलेला निदणाचा दाखला आमच्या भाविकांना तोंडपाठ आहे. गव्हाच्या शेतात शत्रूने निदण पेरले. चाकर ते उपटायला निघाले तेव्हा धन्याने त्यांना थोपवले, कारण निदणाबरोबर गहूही उपटला जाण्याचे भय होते. एकदा मिसळलेले पुन्हा वेगळे करणे किती जिकिरीचे असते, हे तो शेतधनी जाणून होता. सुपात तांदूळ निवडणारी गृहिणीही हे जाणते. उद्योगयुगाला मात्र ते फार उशिरा उमगले. त्याची साक्ष शोधायला दूर जाण्याचे कारण नाही. दारातल्या स्कूटरचे टायर पाहिले तरी पुरे.

टायर म्हणजे नुसते रबर, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात त्यात झाडाच्या चिकापासूनचे रबर असते, खनिज तेलापासून केलेले कृत्रिम रबर असते, कार्बन ब्लॅक नावाची काजळी असते, पोलादी तारा असतात, नायलॉन वा पॉलिएस्टरचे धागे असतात, शिवाय गंधक आणि इतर रसायने. ही सारी मंडळी एकजीव करण्याची किमया गंधकाची. कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट होई, थंडीत कडक होई. 1839 मध्ये अमेरिकेतील चार्ल्स गुडइयर यांना आढळले की, गंधक मिसळून तापवल्यास रबर चिवट व टिकाऊ होते. 1844 मध्ये त्यांना त्याचे पेटंट मिळाले. तरीही 1860 मध्ये ते कर्जबाजारी अवस्थेतच वारले. रबराच्या लांबच लांब रेणूंमध्ये गंधक जणू टाके घालतो. असे रबर मेणासारखे वितळवून पुन्हा नव्या साच्यात ओतता येत नाही. तारांचेही तसेच. पोलादी तारांवर पितळेचा पातळ मुलामा देतात आणि रबरातील गंधक त्या पितळेतील तांब्याशी संयोग पावून दोघांना घट्ट धरून ठेवतो.

बंधन अतूट राहावे म्हणून आम्ही धर्मगुरू वेदीसमोर वधूवरांसाठी प्रार्थना करतो. टायरचे हे अतूटपणही रस्त्यावर धावताना आशीर्वादच असते. त्यावर आपले प्राण अवलंबून असतात. पण टायर झिजले की तोच गुण संकट होऊन बसतो. आमच्या वाडीतली केळ पडली की दोन पावसाळ्यांत तिची माती होते, आणि त्या मातीत नवी केळ उभी राहते. परमेश्वराच्या सृष्टीत जे जुळते ते यथाकाळ सुटतेही. माणसाने बांधलेली ही गाठ आपोआप सुटत नाही.

ती सोडवण्याचे काम कसे चालते, हे पाहण्यासाठी आम्ही एकदा एका कारखान्यात गेलो होतो. प्रथम टायरच्या कडेतले जाड तारेचे कडे यंत्राने ओढून काढतात. मग टायरचे तुकडे, तुकड्यांचे बारीक दाणे करतात. दाणे चुंबकाखालून जातात तेव्हा पोलाद वर खेचले जाते. उरलेल्या मिश्रणातले धागे हलत्या चाळण्यांनी आणि हवेच्या झोताने वेगळे करतात. काही देशांत द्रवरूप नायट्रोजनने टायर इतके गारठवतात की रबर काचेसारखे फुटते आणि धागा व तार सहज सुटतात. पण ती रीत खर्चाची. स्वच्छ दाणे मिळाले तर त्यांचा उपयोग डांबरात मिसळून रस्ते करण्यासाठी होतो, मैदानावरच्या चटयांसाठी होतो.

तिथल्या एका वयस्क कामगाराने मूठभर करडा कापूस आमच्या हातावर ठेवला. "फादर, तार विकली जाते, रबर विकलं जातं. ह्या कापसाला कुणी विचारत नाही." तो कापूस म्हणजे टायरमधला धागा. त्याला रबराची भुकटी चिकटलेली असते, रबरात त्याचे तंतू अडकलेले असतात आणि तारेच्या टोकांना रबराचे कण. वेगळे केलेल्या प्रत्येक वस्तूत दुसरीचा अंश उरतो, आणि तितका तिचा भाव उतरतो.

भाव उतरला की माणूस सोपा मार्ग शोधतो. सर्वांत सोपा मार्ग आगीचा. रस्त्याकडेला टायर जाळून राखेतली तार भंगारवाल्याला विकणारे हात आम्ही पाहिले आहेत. त्या काळ्या धुरात गंधकाचे वायू असतात, कर्करोगाला कारण होणारी द्रव्ये असतात, आणि तो धूर सर्वांआधी त्या गरिबाच्याच छातीत जातो. दुसरा मार्ग पायरोलिसिसचा. बंद भट्टीत, हवेवाचून टायर तापवले की तेल, वायू, काजळी आणि तार हाती येते. नीट चालवल्यास ही विद्या उपयोगाची आहे. हलगर्जीपणे चालवल्यास ती जीव घेते. जानेवारी 2025 मध्ये आमच्या पालघर जिल्ह्यातील वाडा तालुक्यात अशाच एका कारखान्यात स्फोट झाला, आणि त्यात बालकाचाही बळी गेला. भट्टीजवळ बालक का होते? कारण मजुराचे बिऱ्हाड भट्टीजवळच असते. आपली वाहने ज्या गुळगुळीत टायरांवरून उतरून नव्या टायरांवर चढली, त्यांचा शेवट कुणाच्या अंगणात होतो, हे या घटनेने आम्हांला दाखवले.

शासनाने 2022 मध्ये नियम करून टायर-उत्पादकांवर जुन्या टायरांच्या विल्हेवाटीची जबाबदारी टाकली, आणि पायरोलिसिसचे तेल काढण्यासाठी टाकाऊ टायर परदेशातून आणण्यास मनाई केली. हे योग्यच झाले. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी 2015 च्या 'लाऊदातो सी' या परिपत्रकात फेकून देण्याच्या संस्कृतीविषयी सावध केले होते. वस्तू फेकणारा समाज माणसेही फेकू लागतो, ही त्यांची चिंता होती. वाड्याच्या त्या बालकाकडे पाहता ती अनाठायी म्हणता येईल काय?

आपल्या कुटुंबांना करता येण्याजोगे थोडे आहे, पण आहे. चाकातली हवा वेळच्या वेळी तपासावी, म्हणजे टायर अधिक चालते. ट्रक-टेम्पो बाळगणाऱ्यांनी चांगल्या सांगाड्यावर रिमोल्ड करून घ्यावे. परसात पडलेल्या टायरात पावसाचे पाणी साचू देऊ नये; डेंगीचा डास तिथेच वाढतो. नाताळच्या थंडीत शेकोटीत टायर टाकू नये. आणि जुने टायर दुकानात देताना एक प्रश्न अवश्य विचारावा: हे पुढे कुठे जाते? दुकानदाराला उत्तर ठाऊक नसेल. पण दहा गिऱ्हाइकांनी विचारले, तर अकराव्यासाठी तो चौकशी करून ठेवील.

दाखल्यातल्या धन्याने कापणीच्या वेळी कापणाऱ्यांना नीट आज्ञा दिली होती: काय आधी गोळा करायचे, काय कोठारात न्यायचे. निवडण्याचे काम त्याने वाऱ्यावर सोडले नव्हते. आपणही ते कुणा अनामिक मजुराच्या माथी मारून मोकळे होऊ नये, इतकेच आमचे मागणे आहे.