साडेअकरा दिवस

आमच्या नांदेडच्या घरात चोरण्यासारखं काही नाही, हे चोरांनाही ठाऊक असावं. तरी गेल्या वर्षी आम्ही चार कॅमेरे बसवले. त्यातला एक बैठकीतल्या कपाटावर रोखलेला. ‘‘साहेब, महिनाभराचं रेकॉर्डिंग राहतं,’’ दुकानदार म्हणाला. बँकेत दहाच्या नोटांचं बंडलसुद्धा दोनदा मोजणाऱ्या मी त्याचा शब्द मात्र न मोजता घेतला.

पुढे आमच्या हिच्या कुड्या हरवल्या. लातूरला, माहेरच्या लग्नात घातलेल्या. दोन आठवड्यांनी कपाट उघडते तर डबी रिकामी! घरात येणारं बाहेरचं माणूस म्हणजे धुण्याभांड्याच्या मावशी. आम्ही तोंडाने काही बोललो नाही. फक्त त्यांच्यादेखत ते कपाट दोनदा उघडलं, दोनदा लावलं. मावशी समजायचं ते समजल्या. हात पुसत म्हणाल्या, ‘‘दादा, तुमच्या कॅमेऱ्यात बघा की.’’

बघितलं. सगळ्यात जुनं चित्र अकरा दिवसांपूर्वीचं! आधीचं सारं पुसून यंत्राने त्यावर नवं लिहिलेलं.

मग कागद-पेन्सिल घेऊन बसलो. एक कॅमेरा सेकंदाला २ मेगाबिट लिहितो. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे पाव मेगाबाइट. दिवसाचे सेकंद ८६,४००, झाले २१.६ गिगाबाइट. चार कॅमेऱ्यांचे ८६.४. डिस्क १,००० ची. भागाकार साडेअकरा दिवस! महिन्याला २,५९२ गिगाबाइट हवेत. नव्या पद्धतीने दाबून ठेवलं तर जागा साधारण निम्मी लागते. पण तरी महिना भरत नाहीच. सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली पोलीस ठाण्यांतलं चित्रण अठरा महिने, ते न जमल्यास निदान वर्षभर जपायला सांगितलं. माझ्या दराने अठरा महिन्यांना सुमारे ४७,००० गिगाबाइट!

हा गुणाकार चौथीतलं पोरगंही करील. मी बी.कॉम. होऊन तो खरेदीनंतर केला.

संध्याकाळी लातूरहून सासूबाईंचा फोन आला. ‘‘अगं, तुझ्या कुड्या इथं देवघरातच राहिल्यात की!’’

कॅश कमी आली तर आधी आपला ड्रॉवर बघावा, मग दुसऱ्याकडे, हे मी बँकेतल्या नव्या पोरांना रोज शिकवतो.

दुसऱ्या दिवशी मावशींना सांगितलं. ‘‘सापडल्या ना? बरं झालं,’’ म्हणून त्या भांड्यांना बसल्या.

डिस्कवरून तो दिवस केव्हाच पुसला गेला. याला आता चार महिने झाले. मावशी अजून आमच्याकडे चहा घेत नाहीत.